हा स्लॉट कुणाचा? एका पॅथॉलॉजी लॅबचा डेटाबेस बंद पडला त्या सकाळचं प्रकरण

ऑगस्टमधला सोमवार. सकाळी ७ वाजून ४२ मिनिटांनी एका पॅथॉलॉजी लॅबचा डेटाबेस बंद पडला. ठाण्यापासून पनवेलपर्यंत या लॅबची अठरा संकलन केंद्रं आहेत. ८ वाजून २१ मिनिटांनी डेटाबेस पुन्हा सुरू झाला. मधली ३९ मिनिटं आणि त्यानंतरचे तीन तास, एवढ्याचं हे प्रकरण आहे. मी तिथला डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणारा माणूस. वरिष्ठांकडे जो एक पानी अहवाल गेला त्यात कारणाच्या रकान्यात ‘डिस्क भरली’ एवढंच लिहिलं होतं. ते खोटं नाही. पण डिस्क का भरली, ती भरत असताना कुणाला कळलं का नाही, आणि भरल्यावर पहिला अर्धा तास काय करायचं टाळलं, हे त्या दोन शब्दांत मावत नाही. या कामात नव्याने येणाऱ्यांनी नेमकं तेच वाचावं असं मला मनापासून वाटतं.

लॅबचं काम कसं चालतं

सकाळी ७ ते साडेनऊ ही आमची घाईची वेळ. उपाशीपोटीची साखर, लिपिड असल्या तपासण्यांना येणारे सगळे याच वेळेत येतात, आणि सोमवारी तर रविवारचे राहिलेलेही. केंद्रावरची मुलगी नाव टाकते, तपासण्या निवडते, सेव्ह करते. मग पावती निघते आणि बारकोडचे स्टिकर निघतात. स्टिकर लावलेल्या नळ्या गाडीने तुर्भ्याच्या मुख्य लॅबमध्ये जातात. तिथलं मशीन बारकोड वाचतं आणि डेटाबेसला विचारतं, या नळीवर काय काय करायचंय? डेटाबेस गप्प बसला की मशीनही गप्प बसतं.

नळ्यांना मात्र थांबता येत नाही. साखरेची राखाडी टोपणाची नळी थोडी धीर धरते, कारण तिच्यात फ्लोराइड असतं आणि रक्तातल्या पेशींना साखर खाण्यापासून ते रोखतं. पिवळ्या टोपणाच्या नळीतलं रक्त वेळेत सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून सीरम वेगळं केलं नाही, तर पोटॅशियमचा आकडा उगाच वाढलेला येऊ शकतो. डॉक्टर त्या आकड्यावरून औषध ठरवतात. त्यामुळे आमच्याकडे ‘सिस्टिम डाउन आहे, थोड्या वेळाने या’ हे उत्तर सरसकट देता येत नाही. सुई टोचून झालेली असते.

मुख्य सर्व्हर महाप्याच्या एमआयडीसीत एका डेटा सेंटरमध्ये भाड्याच्या रॅकवर आहे. त्यावर उबुंटू ही ऑपरेटिंग सिस्टिम आणि तिच्यावर पोस्टग्रेस १४ हा डेटाबेस. त्याची क्षणाक्षणाला अद्ययावत होणारी प्रत पुण्याच्या सर्व्हरवर जाते. डेटाबेस माझ्या ताब्यात, पण मशीनचे रूट अधिकार, म्हणजे त्या मशीनवर काहीही करायची मुभा, माझ्याकडे नाहीत, ते महाप्याला पाळीवर असलेल्या ऑपरेटरकडे. ही विभागणी मुद्दाम केलेली आहे आणि मला ती पटते. एकाच माणसाच्या हातात सगळ्या किल्ल्या नसाव्यात.

७ वाजून ४७ मिनिटं

पहिला फोन हेल्पडेस्कचा आला नाही, कळवा केंद्राचा आला. मी राहतो खारेगावात, तिथल्या मुलीकडे माझा नंबर आहे.

“दादा, सेव्हच होत नाहीये. गोल गोल फिरतंय नुसतं. बाहेर अकरा जण बसलेत.”

“शेवटची पावती किती वाजता निघाली?”

“सात एकेचाळीस.”

“ज्यांची पावती निघाली त्यांचं झालंय. बाकीच्यांचं वहीत लिही. नाव, वय, मोबाइल, तपासण्या, किती नळ्या, कुठल्या टोपणाच्या. आणि प्रत्येकापुढे वेळ. नळीवर पेनाने नाव आणि वहीतला अनुक्रमांक.”

“वही कुठली घेऊ?”

“मिळेल ती. वेळ तेवढी लिहायची राहू देऊ नकोस.”

रात्रभर पाऊस लागला होता. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचलंय असा निरोप सोसायटीच्या ग्रुपवर आधीच आला होता, म्हणजे बाइकने महाप्याला जाण्याचा प्रश्न नव्हता. ठाण्याला जाऊन ट्रान्स-हार्बरची गाडी पकडायची तर तास गेला असता. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला, मोबाइलचं हॉटस्पॉट लावलं, व्हीपीएन, म्हणजे सर्व्हरपर्यंतचा सुरक्षित मार्ग, जोडलं. ७ वाजून ५५ मिनिटांनी सर्व्हरवरची त्रुटीची नोंद माझ्यासमोर होती. पॅनिक, आणि त्यापुढे ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’, म्हणजे डिस्कवर जागाच उरलेली नाही. पडल्यावर पोस्टग्रेसने स्वतःहून उठायचा प्रयत्न केला होता. पण उठतानाही त्याला थोडं लिहावं लागतं, आणि तेवढीही जागा नव्हती. म्हणून तो पुन्हा पडला आणि तसाच राहिला.

भरलेली डिस्क डेटाची नव्हती. ती पीजी-वॉलची होती. इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण पुढचं सगळं याच्यावर आहे.

कीर्द आणि खतावणी

जुन्या पेढीवर दोन वह्या असायच्या, रोजकीर्द आणि खतावणी. व्यवहार झाला की तो आधी कीर्दीत उतरायचा, घडला त्याच क्रमाने. मग सवडीने तो ज्याच्या त्याच्या खात्यावर खतवायचा. खतवता खतवता दिवा गेला, पान अर्धवट राहिलं, तरी कीर्द शाबूत असेल तर खतावणी पुन्हा उभी करता येते. उलट होत नाही. पोस्टग्रेस असंच चालतं. डेटाच्या फाइल्स ही खतावणी आणि पीजी-वॉल ही कीर्द. २००१ मध्ये आलेल्या ७.१ या आवृत्तीपासून ही सोय त्यात आहे. कीर्दीची पानं प्रत्येकी १६ एमबीची असतात. ठरावीक काळाने डेटाबेस चेकपॉइंट घेतो, म्हणजे ‘इथवरचं सगळं खतवून झालं’ अशी खूण करतो, आणि खुणेच्या मागची पानं मोकळी करतो.

आता यात तिसरा माणूस आणा. बाहेरच्या एखाद्या यंत्रणेला ही कीर्द वाचायची असते, कुणाला प्रत ठेवायला, कुणाला विश्लेषणाला. ती डेटाबेसला सांगते, मी अमुक पानापर्यंत वाचलंय, पुढची पानं मी येईपर्यंत फाडू नका. या शब्दाला रेप्लिकेशन स्लॉट म्हणतात. डेटाबेस दिलेला शब्द पाळतो. वाचक आला नाही तरी पाळतो. आठवडा गेला, दोन आठवडे गेले, तरी तो पानं जपून ठेवतो, आणि नवी पानं लिहीत राहतो. किती जपायची याला मर्यादा घालता येते, २०२० च्या १३ व्या आवृत्तीपासून तशी सेटिंग आहे. पण ती मुळात अमर्याद ठेवलेली असते. मी ती बदललेली नव्हती.

आमच्या पीजी-वॉलची डिस्क २०० जीबीची. तिच्यात बारा हजारांवर फाइल्स होत्या. रोज साधारण ९ जीबी कीर्द लिहिली जाते, म्हणजे जवळपास तीन आठवड्यांची पानं साठली होती. पीजी-रेप्लस्लॉट नावाच्या फोल्डरमध्ये प्रत्येक स्लॉटची एक छोटी फाइल असते. तिथे दोन स्लॉट होते. एक पुण्याचा, त्याची फाइल पहाटेपर्यंत बदलत होती. दुसऱ्याची फाइल ३१ जुलैनंतर कुणी शिवली नव्हती. एकवीस दिवस.

“सर, मी जुन्या सगळ्या सिलेक्ट केल्यात”

८ वाजून ३ मिनिटांनी महाप्याहून ऑपरेटरचा फोन आला. रात्रपाळी ८ ला संपते, पण बदलीचा मुलगा पावसात अडकलेला, म्हणून हाच थांबलेला होता. बावीस-तेवीस वर्षांचा, कामाला चोख. आवाजात रात्र जाणवत होती.

“सर, पीजी-वॉल फोल्डरमध्ये बारा हजार फाइल्स आहेत. सगळ्या सोळा-सोळा एमबीच्या. साहेबांचा फोन आला होता, म्हणाले जुन्या लॉग काढून जागा कर. मी जुन्या तारखांच्या सगळ्या सिलेक्ट केल्यात. उडवू?”

“आधी हात की-बोर्डवरून काढ.”

“काढले.”

“कमांड लिहिली असेल तर पुसून टाक. पुसली की सांग.”

चार-पाच सेकंद काही आवाज आला नाही. “पुसली.”

त्या मुलाची चूक नव्हती. साहेबांचीही मी म्हणणार नाही. डिस्क भरली की जुन्या लॉग, म्हणजे नोंदींच्या फाइल्स, काढायच्या हे सर्व्हर सांभाळणाऱ्या प्रत्येकाच्या अंगवळणी पडलेलं असतं. पोस्टग्रेसमध्ये या फोल्डरचं नाव पूर्वी पीजी-एक्सलॉग होतं. नावात ‘लॉग’ बघून लोक ते बिनदिक्कत रिकामं करायचे आणि डेटाबेस गमावून बसायचे. म्हणून २०१७ च्या १० व्या आवृत्तीत नाव बदलून पीजी-वॉल केलं. नाव बदललं, सवय तेवढ्याने जात नाही.

प्रामाणिकपणे सांगतो, त्या सिलेक्ट केलेल्या फाइल्सपैकी बहुतेक सगळ्या डेटाबेस उठायला नकोच होत्या. त्या फक्त त्या मुक्या स्लॉटसाठी राखलेल्या होत्या. नंतरच्या बैठकीत साहेबांनी हाच मुद्दा काढला. उडवल्या असत्या तर दहा मिनिटं आधी चालू झालं असतं, असं त्यांचं म्हणणं. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर असण्याची शक्यता मोठी आहे. पण कुठलं पान हवं आणि कुठलं नको हे तारखेवरून ठरत नाही, शेवटच्या चेकपॉइंटच्या नोंदीवरून ठरतं. तारीख फसवते, कारण पोस्टग्रेस वापरून झालेली फाइल नवं नाव देऊन पुढच्या लिखाणासाठी ठेवतो. म्हणजे उद्याच्या पानावर जुनी तारीख असू शकते. एक चुकीची फाइल गेली असती तर उठायचा मार्गच बंद झाला असता. आणि समजा नेमक्या फाइल्स गेल्या असत्या, तरी तो दुसरा वाचक कोण हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. तो चालू असता, त्याचं एखादं महत्त्वाचं काम नुसतं अडलेलं असतं, तर त्याची एकवीस दिवसांची साखळी आम्ही तोडली असती.

माझा या बाबतीतला नियम साधा आहे. ज्याचा मालक माहीत नाही ते मी पुसत नाही. घाईत तर अजिबात नाही. प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब या कंपनीतली ३१ जानेवारी २०१७ ची घटना या क्षेत्रातल्या बहुतेकांना ठाऊक आहे. रात्री उशिरापर्यंत झगडून थकलेल्या इंजिनिअरने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरची डेटाची डिरेक्टरी काढायला घेतली. लक्षात येऊन थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरलं होतं. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या, वेळेला एकही धड कामाला आली नाही. योगायोगाने सहा तास आधी घेतलेल्या एका स्नॅपशॉटवर, म्हणजे डिस्कच्या त्या क्षणाच्या प्रतीवर, निभावलं आणि सहा तासांचा डेटा गेला. त्यांनी हे सगळं स्वतःच जगासमोर मांडलं, त्याबद्दल मला त्यांच्याविषयी फार आदर आहे. तो वृत्तांत मी दरवर्षी एकदा वाचतो.

घरातच असलेली जागा

मग जागा आणायची कुठून? पुण्याचा सर्व्हर मुख्य करणं हा एक मार्ग होता. पण अठरा केंद्रांची आणि तुर्भ्याच्या मशीनांची जोडणी तिकडे वळवायला पाऊण तास लागतो, आणि पुन्हा मूळ जागी यायला एक अख्खी रात्र. लॅबचं कामकाज बघणाऱ्या डॉक्टर मॅडमना फोन लावला. त्यांनी एकच विचारलं, “किती वेळ?”

“साडेआठपर्यंत इथे उठवतो. नाही उठला तर आठ एकतीसला पुणे.”

“ठीक. मी तुर्भ्याला नळ्या फिरवायला सांगते, बारकोड नंतर बघू.”

अशा वेळी समोरचा माणूस फाटे न फोडता वेळ मागून घेतो आणि आपलं काम सुरू करतो, याचं मोल फार आहे.

पीजी-वॉलची डिस्क एक्स्ट-फोर या, लिनक्समध्ये फाइल्स मांडण्याच्या पद्धतीने बांधलेली होती. या पद्धतीत डिस्क तयार करताना ५ टक्के जागा रूटसाठी आपोआप राखून ठेवली जाते, अडीअडचणीला निदान व्यवस्थापकाला तरी लिहिता यावं म्हणून. पोस्टग्रेस रूट म्हणून चालत नाही, त्यामुळे त्याला ती जागा दिसते पण मिळत नाही. २०० जीबीचे ५ टक्के म्हणजे १० जीबी. नुसत्या कीर्दीच्या डिस्कवर एवढी राखीव जागा कशाला? ती १ टक्क्यावर आणली तर ८ जीबी तिथल्या तिथे मोकळी होते. डिस्क काढावी लागत नाही, एकही फाइल हलवावी लागत नाही, आणि २ जीबी हातचे राहतात.

कमांड रूटची, म्हणजे टाइप त्या मुलानेच करायची. मी अक्षर न अक्षर सांगितलं. ट्यून-टू-एफएस, मग जागा, डॅश एम, जागा, एक, जागा, आणि डिस्कचं पूर्ण नाव. “एंटर मारू नकोस. आता जे लिहिलंयस ते मला उलट वाचून दाखव.” त्याने वाचलं. डिस्कच्या नावात शेवटचं अक्षर मी ‘डी’ सांगितलेलं, त्याने ‘बी’ ऐकलेलं. फोनवर ही दोन अक्षरं सारखीच ऐकू येतात. बी म्हणजे आमची डेटाची डिस्क होती. या कमांडने तिचं काही बिघडलं नसतं, पण दुसऱ्या एखाद्या कमांडने बिघडलं असतं. “डमरूतला डी,” मी म्हणालो. त्याने बदललं, पुन्हा वाचलं, एंटर मारला.

८ वाजून १५ मिनिटांनी डिस्कवर ८ जीबी मोकळी दिसली. पोस्टग्रेस सुरू करायला सांगितला. तो शेवटच्या चेकपॉइंटपासूनची कीर्द वाचत गेला, खतावणी जुळवत गेला. त्या पाच-सहा मिनिटांत करण्यासारखं काहीच नसतं. नोंदीच्या ओळी वर सरकताना बघत बसायचं. ८ वाजून २१ मिनिटांनी ‘जोडणी स्वीकारायला तयार’ अशा अर्थाची ओळ आली. दोन मिनिटांत पुणे आपोआप जोडलं गेलं. कळव्याहून फोन आला, पावती निघाली.

त्या मुलाला म्हटलं, आता चहा घे आणि बदलीचा येईपर्यंत खुर्चीवरच थोडा पड. जागा आहे, घाई संपली.

तीन तास मालकाच्या शोधात

जागा होती, पण किती वेळ? रोजचे ९ जीबी हा सरासरी आकडा, सोमवार सकाळ जास्त खाते. दुपार उलटेपर्यंतची निश्चिंती होती, संध्याकाळची नव्हती. तेवढ्या वेळात त्या दुसऱ्या स्लॉटचा मालक शोधायचा होता.

स्लॉटचं नाव होतं ‘डॅश-झीरो-वन’. चालू आहे का या रकान्यात ‘एफ’, म्हणजे नाही. नावावरून डॅशबोर्डचं काहीतरी असावं. आमच्या डेव्हलपरला विचारलं, म्हणाला माझा नाही. पुण्याला विचारलं, त्यांचा एकच. साहेब म्हणाले, “कुणाचाच नाही ना? मग काढ की.” कुणाचाच नाही असं डेटाबेसमध्ये काही नसतं. कुणीतरी एके दिवशी बसून ते बनवलेलं असतं, आणि बनवताना त्याला त्याची गरज असते.

उत्तर मिळालं अकाउंट्समध्ये. तिथल्या ताई दर महिन्याला कुणाकुणाची बिलं चुकती करायची याची यादी ठेवतात. त्यांनी सांगितलं, तक्ते करून देणारी एक कंपनी होती, केंद्रनिहाय रुग्णसंख्या वगैरे दाखवायची. करार ३१ जुलैला संपला, पुढे वाढवला नाही. त्यांनी फाइल उघडून दाखवली. करार संपवताना काय काय परत घेतलं त्याची व्यवस्थित यादी होती. त्यांच्या माणसाचा ईमेल बंद, व्हीपीएन बंद, दोन गेटपास परत घेतले, त्यांच्या निळ्या दोऱ्यांसकट, तशी नोंद आणि खाली सही. गेटपासच्या दोऱ्यांची नोंद होती, डेटाबेसमधल्या त्यांच्या जागेची नव्हती. कारण ती यादी करणाऱ्यांना तशी जागा असते हे माहीत नव्हतं. ज्याला माहीत होतं, म्हणजे मला, त्याला करार संपल्याचं कुणी कळवलं नव्हतं. त्यांचं व्हीपीएन ३१ तारखेला बंद झालं त्याच मिनिटापासून आमची कीर्द साठायला लागली होती.

मी त्या कंपनीच्या माणसाला फोन केला. तो भला होता. “आमच्याकडचा सर्व्हर तर आम्ही त्याच दिवशी बंद केला. तुमच्या बाजूला काही राहील असं डोक्यात आलं नाही.” मी म्हटलं, एवढंच मेलवर लिहून द्या. ११ वाजून २० मिनिटांनी मेल आला. साडेअकराला मी तो स्लॉट काढला आणि हाताने चेकपॉइंट घेतला, कारण स्लॉट काढल्याबरोबर जागा मोकळी होत नाही, पुढच्या चेकपॉइंटला होते. बारा हजार फाइल्स काही सेकंदांत गेल्या. वापर शंभर टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आला.

त्याच फाइल्स सकाळी आठ वाजता उडवायच्या होत्या. साडेतीन तासांनी त्या डेटाबेसने स्वतः, आपल्या हिशोबाने उडवल्या. बाहेरच्या माणसाला यात फरक दिसणार नाही. मला दिसतो, आणि माझ्या मते हे काम करणाऱ्याला तो दिसायलाच हवा.

वह्या

दुपारभर अठरा केंद्रांवरच्या वह्यांमधल्या नोंदी सिस्टिममध्ये चढवण्याचं काम चाललं. एकूण २६४ नोंदी. कुणी जुन्या डायरीत लिहिलं होतं, कुणी पावतीपुस्तकाच्या मागच्या बाजूला. कळव्याच्या मुलीने शाळेची दोनशेपानी वही आणली होती, समास आखून, प्रत्येक नावापुढे तास-मिनिट. पोस्टग्रेसने सकाळी जे केलं तेच ती दुपारी करत होती. आधी घडलं तसं लिहून ठेवायचं, मग क्रमाने खात्यावर चढवायचं.

पण एक अडचण निघाली. मी सकाळी सांगितलं होतं, पावती निघाली म्हणजे नोंद झाली. हे खरं आहे, कारण डेटाबेस ‘लिहिलं’ असं सांगतो तेव्हाच पावती छापली जाते. याचं उलटं मात्र खरं नाही. ७ वाजून ४२ मिनिटांच्या अगदी कडेला दोन रुग्ण असे होते की त्यांची नोंद लिहिली गेली होती, पण ‘लिहिलं’ हे उत्तर केंद्रापर्यंत पोहोचायच्या आत डेटाबेस पडला. पावती निघाली नाही, म्हणून ते वहीतही आले. डोळे झाकून वही चढवली असती तर त्या दोघांची नोंद दोनदा झाली असती, बिलही दोनदा. मोबाइल नंबर आणि वेळ जुळवून प्रत्येक नोंद आधी शोधायची आणि मग टाकायची असं ठरवलं. काम चारपर्यंत लांबलं, पण दुहेरी नोंद एकही राहिली नाही.

नोंद एकाचीही हरवली नाही. तिघांना मात्र पुन्हा सुई टोचावी लागली. गडबडीत दोन केंद्रांवर पिवळ्या टोपणाच्या काही नळ्या जास्त वेळ तशाच राहिल्या. मॅडमनी सीरमचा रंग बघून तीन नमुने बाद केले आणि स्वतः त्या तिघांना फोन करून माफी मागितली. त्यातल्या एक आजी डायलिसिसवर होत्या. पोटॅशियमचीच तपासणी होती. त्यांचा मुलगा संध्याकाळी त्यांना रिक्षातून परत घेऊन आला, तोही काही न बोलता. माझ्या ३९ मिनिटांच्या हिशोबात ती रिक्षा येत नाही, म्हणून ती इथे लिहितोय.

माझ्या बाजूचं

आता जे माझं आहे ते. पीजी-वॉल मार्चमध्ये मीच वेगळ्या डिस्कवर हलवली. वेग वाढावा म्हणून, आणि वाढलाही. पण डिस्क ८० टक्के भरली की संदेश पाठवणारी जी यंत्रणा आहे तिच्या यादीत ही नवी डिस्क घालायची राहिली. यंत्रणा पाच महिने इमानेइतबारे जुन्या डिस्क बघत होती. बदल केल्यावर डेटाबेस चालतोय हे तपासलं, वेग मोजला, काम बंद केलं. नव्या जागेवर कुणाची नजर आहे का, हे तपासायचं होतं. ही यादी माझ्याशिवाय दुसरं कुणी करणार नव्हतं.

डिस्क त्याच आठवड्यात यादीत घातली. स्लॉट किती मागे पडलाय यावर वेगळा संदेश लावला, कारण डिस्क भरल्याचं कळण्याआधी वाचक येत नाहीये हे कळायला हवं. राखून ठेवायच्या पानांना ६० जीबीची मर्यादा घातली. या मर्यादेची किंमत आहे हे मॅडमना आणि साहेबांना समोर बसवून सांगितलं. पुण्याची जोडणी सहा-साडेसहा दिवस तुटली तर तिकडची प्रत बाद होईल आणि पहिल्यापासून उभी करावी लागेल. दिवाळीच्या सुट्टीत तुटली तरी कुणीतरी बघायला हवं. दोघांनी मान्य केलं, तशी नोंद केली. करार संपवण्याच्या यादीत गेटपासच्या खाली एक ओळ वाढली, ‘डेटाबेसमधील खाती, स्लॉट, अधिकार – डीबीएची सही’. आणि मॅडमच्या सांगण्यावरून प्रत्येक केंद्रावर आता आखीव रकान्यांची एक वही असते, वेळेच्या रकान्यासकट.

सर्वात जास्त वेळ गेला तो एका साध्या तक्त्यात. डेटाबेसमधलं प्रत्येक खातं, प्रत्येक स्लॉट, रात्री आपोआप चालणारं प्रत्येक काम, त्यापुढे माणसाचं नाव, फोन, कशासाठी बनवलं आणि कधी संपणार. एकूण ५७ ओळी झाल्या. त्यातल्या नऊ ओळींचा मालक शोधायला सप्टेंबर संपला. एका खात्याचा मालक नोकरी सोडून गेलेला, पण ते खातं वापरून तुर्भ्याचं एक मशीन अजून रोज निकाल पाठवत होतं. काढलं असतं तर पुन्हा एखादा सोमवार.

दर महिन्याच्या दुसऱ्या शुक्रवारी मी तो तक्ता घेऊन बसतो आणि ज्यांची मुदत संपत आलीय त्यांना फोन करतो. परवा एकाला केला. त्याच्या ओळीत मुदत ३० तारखेची होती.

“काढू का?”

“थांबा हो, करार वाढायचा बोलणं चाललंय. मंगळवारी नक्की सांगतो.”

मुदतीच्या रकान्यात मी ‘मंगळवार’ लिहिलं.